वस्तू दाखवा, माणूस झाका



नाताळ तोंडावर आला की घरोघरी झाडलोट सुरू होते. भिंतींना रंग लागतो, अंगण सारवले जाते आणि माळ्यावरची अडगळ वर्षातून एकदा खाली उतरते. मुले मोठी झाल्यामुळे रिकामा पडलेला पाळणा, नवा आल्यावर मागे सारलेला जुना कुकर, धाकट्याच्याही अंगाला न येणारा स्वेटर, गेल्या इयत्तेची पुस्तके! या वस्तूंचे काय करावे, या प्रश्नाची उत्तरे पूर्वी ठरलेली होती. जुने कपडे बोहारणीला देऊन पातेले घ्यावे, लोखंड भंगारवाल्याच्या तराजूत टाकावे आणि उरलेसुरले पुन्हा माळ्यावर चढवावे. आता आणखी एक मार्ग निघाला आहे. वस्तूचे छायाचित्र मोबाइलवर टाकावयाचे, ‘विनामूल्य द्यावयाची आहे’ असे लिहावयाचे आणि ज्याला हवी त्याने येऊन न्यावयाची. आपल्या जामसांवली, सौसर, पांढुर्णा या भागातील तरुण मंडळीही हे करू लागली आहेत. म्हणून त्याविषयी आज चार शब्द.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. तेथे डेरॉन बील या गृहस्थांनी १ मे २००३ रोजी आपल्या परिचितांना ई-मेल पाठवून ‘फ्रीसायकल’ नावाचा उपक्रम सुरू केला. धडधाकट वस्तू कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या जाऊ नयेत, एवढाच हेतू. आणि मुख्य नियम असा की, वस्तूचे मोल घ्यावयाचे नाही. पुढे या उपक्रमाचे स्थानिक गट देशोदेशी निघाले. २०१३ मध्ये त्याच देशातील बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर व लिझल क्लार्क या दोन स्त्रियांनी ‘बाय नथिंग’ नावाचा दुसरा उपक्रम काढला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावे, त्यातून शेजारधर्म वाढावा, यावर त्यांचा भर आहे.

आपले राज्यही याबाबतीत मागे राहिले नाही. मध्य प्रदेश शासनाने २०१६ मध्ये आनंद विभाग स्थापन केला आणि १४ जानेवारी २०१७ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ‘आनंदम्’ केंद्रे सुरू केली. आपल्याजवळ जास्त असेल ते तेथे ठेवून जावे, ज्याला गरज असेल त्याने घेऊन जावे, अशी ही साधी योजना. महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, तीही याच विचाराने. ठेवणारा ठेवून निघून जातो. घेणारा आपल्या पसंतीने उचलतो. कोणी कोणापुढे हात पसरत नाही. या योजनेतले खरे शहाणपण मला येथेच दिसते.

परंतु शहराची गोष्ट वेगळी, गावाची वेगळी. नागपूरसारख्या शहरात देणारा व घेणारा बहुधा एकमेकांस अनोळखी असतात. जामसांवलीस हनुमंताच्या मंदिरामुळे मंगळवारी-शनिवारी दूरदूरची माणसे येतात. पण ती पांगली की मागे उरते ते एकमेकांना नावानिशी ओळखणारे गाव. अशा गावी सकाळी कोणाच्या घरी काय शिजले, हे दुपारपर्यंत दुसऱ्या आळीला कळते. मग मोबाइलच्या गटात ‘मला हवे’ असे लिहिणे म्हणजे आपली गरज चव्हाट्यावर मांडण्यासारखेच आहे. ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच अशा वेळी गप्प राहतो.

गेल्या हिवाळ्यात एका गावी घडलेली गोष्ट सांगतो. एका भल्या कुटुंबाने आपल्या मुलाचा स्वेटर एका मजुराच्या मुलास दिला. हेतू निर्मळ होता. परंतु देतानाचे छायाचित्र काढले गेले आणि ते गावाच्या गटात फिरले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी तो स्वेटर ओळखला आणि मुलाला चिडवून सोडले. त्यानंतरच्या रविवारी तो मुलगा पवित्र मिस्सेला कुडकुडत आला. स्वेटर घरी घडी करून ठेवलेला होता. ऊब मिळाली कोणाला? छायाचित्र पाहून वाहवा करणाऱ्यांना मिळाली असेल. त्या मुलाला काही मिळाली नाही.

दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजव्या हाताचे डाव्या हातास कळू देऊ नका, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात बजावले आहे. तेव्हाचा कर्णा निदान नाक्यापर्यंतच ऐकू जात असे. आमच्या खिशातला कर्णा तर क्षणात साऱ्या तालुक्यात वाजतो!

आणि आपण देतो ते तरी खरोखर आपले असते काय? चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू असलेले संत बेसिल यांनी श्रीमंतांना खडसावून सांगितले होते की, पेटीत वापराविना पडलेला अंगरखा उघड्या माणसाच्या मालकीचा आहे. आगमनकाळात ज्याची हाक आपण ऐकतो, त्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचेही मागणे हेच होते: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत, त्याने एकही नसलेल्यास एक द्यावा. ज्याचे त्याला परत करताना उपकाराची भाषा कशाला आणि छायाचित्र तरी कशाला?

दुसरी सूचना वस्तूविषयी. दान म्हणजे अडगळ दुसऱ्याच्या दारी टाकणे नव्हे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून जुने कपडे गेले. पुष्कळसे निरुपयोगी ठरून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून, निवडून मार्गी लावले. देवाच्या वेदीवर आंधळे-लंगडे पशू आणणाऱ्यांना, असले जनावर सुभेदारापुढे नेण्याची तुमची छाती होईल काय, असे मलाखी संदेष्ट्याने विचारले होते. फाटकी चादर व गळका कुकर देणाऱ्यांनी तोच प्रश्न स्वतःस विचारावा. ही वस्तू मी माझ्या भावाच्या घरी पाठविली असती काय?

तेव्हा मोबाइलचा हा मार्ग सोडू नका, नीट चालवा. वस्तू धुऊन, शिवून, दुरुस्त करून मगच तिचे छायाचित्र टाका. दोष असेल तर तो स्पष्ट लिहा. मागणाऱ्याने गटात न लिहिता तुम्हाला एकट्याला कळवावे, असे आधीच सांगा. पहिला आला त्यालाच दिली पाहिजे असे नाही. गरज कोणाची अधिक, ते पाहा. कोणास दिली हे जाहीर न करता ‘वस्तू गेली’ एवढेच लिहा. अनोळखी माणूस वस्तू न्यावयास येणार असेल तर दिवसाउजेडी, घरात दुसरे कोणी असताना बोलवा. विनामूल्य वस्तूच्या व्यवहारात ओटीपी सांगण्याचे किंवा क्यूआर कोड स्कॅन करण्याचे काहीच कारण नसते; तसे कोणी म्हणेल तर तो ठक समजावा. जुना मोबाइल देताना त्यातील माहिती पुसून टाका.

आणि ज्या माउलीजवळ मोबाइलच नाही, तिचे काय? तिच्यासाठी आपले पाय आहेत. अंधार पडल्यावर पिशवी घेऊन तिच्या दारी जावे, चहा मागून प्यावा, मुलांची विचारपूस करावी आणि निघताना पिशवी तेथेच विसरावी. असे विसरणे प्रभूच्या वहीत बरोबर लिहिले जाते.

या नाताळात आपला माळा थोडा रिकामा होवो आणि देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांचीही मान ताठ राहो, हाच आशीर्वाद.