वकिलाकडे केव्हां जावें ?

मागांचें शहर ही भिवंडीची ख्याति जुनी. अलीकडे आसपासच्या भातशेतांवर गोदामें उभीं राहिलीं आहेत. मुंबईची जकात चुकविण्याची सोय हें त्याचें एक कारण होतें. ती जकात १ जुलै २०१७ रोजीं गेली, गोदामें राहिलीं. साहजिकच पेन्शनीची पुंजी तेथील जमिनींत घालावी, असें कित्येक गृहस्थांस वाटतें.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं इसारपावतीवर सही करण्यापूर्वीं वकिलाकडे जावें. सातबारा पाहिला म्हणजे झालें, हा समज खोटा. तो महसुलाचा कागद. त्यानें मालकी उत्पन्न होत नाहीं. त्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना तर कोणी वाचीतच नाहीं, आणि कुळाचें नांव नेमकें तेथेंच असावयाचें ! १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें बिगरशेतकऱ्यास कलेक्टरच्या परवानगीवांचून शेतजमीन सामान्यतः घेतां येत नाहीं. आदिवाशाची जमीन असल्यास १९६६ च्या महसूल संहितेचें कलम ३६-अ आडवें येतें. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानें मालकी मिळत नाहीं, हें सुप्रीम कोर्टानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. विकणारा थोरला भाऊ असला, तरी बहिणींची संमति पाहावी. २००५ पासून कन्याही वडिलार्जित मिळकतींत जन्मतः वांटेकरी आहे.

वकिलाची फी जड वाटते म्हणणारे गृहस्थ दलालास दोन टक्के हंसत मोजतात, हें आम्हीं पाहिलें आहे. दुय्यम निबंधकाकडील ३० वर्षांचा शोध इसारापूर्वींच हातीं असावा. आणि तो विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या वकिलानें घेतलेला असावा.