जोडी कशाला म्हणावे?

आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून एक वाद चालू आहे आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. वादाचा विषय ऐकून माझ्या वयाचे वाचक कदाचित हसतील. माझा नातू नववीत शिकतो आणि पोकेमॉन नावाचा जपानी खेळ खेळतो. नुसता खेळत नाही, त्याची तालीम करतो. वहीत कोष्टके मांडतो, बेरजा-वजाबाक्या करतो, खोडतो, पुन्हा मांडतो. त्याच्या आजीचे म्हणणे असे की, चित्रातल्या राक्षसांच्या झुंजी लावण्यात पोराचे डोके फुकट चालले आहे. प्रथम मलाही तसेच वाटे. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही ते सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. झुंजींचे वावडे आपल्या बडोद्याला केव्हापासून झाले? खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, आपल्या अगडात हत्तींच्या झुंजी लागत आणि त्या पाहायला सारे शहर लोटे. लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथले हत्ती जिवंत होते आणि रक्त खरे होते. आपले पणजोबा ते पाहून पागोटे सावरीत घरी येत आणि जेवायला बसत. आज हातीखान्यात धान्याच्या गोण्या उतरतात, नाव तेवढे हत्तीचे राहिले आहे. अशा घरातल्या मंडळींनी पडद्यावरच्या कासवाला पाहून नाक मुरडावे, याचे मला नवल वाटते. असो.

हा खेळ निघाला जपानात, फेब्रुवारी १९९६ मध्ये. त्याचा जनक सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. तो नाद पुढे या खेळात उतरला. आरंभी झुंज एकास एक अशीच असे. २००२ साली दोनास दोन अशी झुंज आली, आणि २००९ पासून ज्या जागतिक स्पर्धा भरतात त्यांत हीच पद्धत चालते. खेळाडूने सहा प्राणी न्यायचे. समोरच्याचे सहा पाहायचे, आपले त्याला दाखवायचे, आणि थोड्याशा वेळात सहांतले चार निवडून त्यांतले दोन पुढे करायचे. सहांतून जोड्या होतात पंधरा. म्हणजे घरी बसून जमवलेली जोडी वेगळी आणि समोरचा गडी पाहून उभी करायची जोडी वेगळी, आणि या दोन्ही परीक्षा एकाच डावात द्यायच्या. हे मला नातवाने समजावून सांगितले तेव्हा मी प्रथमच चष्मा पुसून त्याच्या वहीत डोकावलो.

प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन तत्त्वे असतात. पाणी, अग्नी, वनस्पती, वीज, बर्फ, भूमी अशी एकूण अठरा. पाणी अग्नीला मारते, अग्नी वनस्पतीला, वनस्पती पाण्याला. वर्मी लागले की घाव दुप्पट बसतो, आणि प्राण्याची दोन्ही तत्त्वे त्याच घावाला कच्ची असतील तर चौपट. एवढे कळले की पुढचे आपोआप कळू लागते.

आमच्या चिरंजीवांनी पहिली जोडी जमवली ती गारचॉम्प आणि सॅलमेन्स यांची. दोघेही दांडगे. गारचॉम्पच्या सहा गुणांची बेरीज ६००, सॅलमेन्सची तितकीच. शिवाय या निवडीत थोडी अक्कलही होती, हे मान्य केले पाहिजे. गारचॉम्पचा भूकंपाचा घाव असा की तो शत्रूंना लागतो आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यालाही लागतो. सॅलमेन्स उडणारा असल्यामुळे त्याला भूकंपाची बाधा नाही. पोराला वाटले, जोडी जुळली. समोर शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा बसला होता. त्याने बर्फाळ प्रदेशातली एक पांढरीशुभ्र कोल्हीण काढली. नाइनटेल्स तिचे नाव. ती आली की सोबत बर्फ पडू लागतो, आणि बर्फ पडत असताना तिचे हिमवादळ कधी चुकत नाही. तिचा वेग १०९, गारचॉम्पचा १०२, सॅलमेन्सचा १००. दोघांचीही दोन्ही तत्त्वे बर्फाला कच्ची. हिमवादळ एकाच वेळी दोन्ही शत्रूंना लागते. दोघांवर विभागले गेल्यामुळे त्याचा जोर पाऊणपट होतो खरा, पण चौपटीपुढे पाऊण पटीचा हिशेब कोण ठेवतो? पहिल्याच खेळीत दोन्ही दांडगे आडवे.

पोरगा रात्री जेवला नाही. आजी म्हणाली, "बघा, खेळापायी उपाशी राहिलं." मी काही बोललो नाही. कारण त्या रात्री मला माझेच एक जुने प्रकरण आठवत होते.

१९७४ साली आमच्या पोळातल्या गणेशोत्सवात कॅरमचे सामने होत. मी आणि माझा एक शाळूसोबती दुहेरीत खेळत असू. मी मारणारा. स्ट्रायकर हातात आला की सोंगटी जाळ्यात गेली पाहिजे, असा माझा खाक्या. तो मारणारा नव्हताच. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतो. माझ्या रेषेखाली दडलेली सोंगटी मला अवघड, पण त्याला समोरून सोपी. आणि त्याच्या बाजूची मला. तो आपली पाळी आली की माझ्या सोयीच्या सोंगट्या हलक्या हाताने मोकळ्या करून ठेवी आणि प्रतिपक्षाच्या वाटेत एखादी नेमकी आडवी सारी. बघणाऱ्यांना वाटे, सारे काम मीच करतो. मलाही तसेच वाटे. अंतिम सामना आम्ही जिंकलो आणि पुढल्या वर्षी मी त्याला सोडून दुसरा जोडीदार धरला, माझ्यासारखाच मारणारा. पहिल्याच फेरीत आम्ही हरलो. दोघेही मारीत होतो आणि दोघांच्याही रेषेखाली सोंगट्या तशाच पडून राहिल्या. माझा मित्र मला एका शब्दाने काही बोलला नाही. त्याने कॅरम मात्र सोडला.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला म्हटले, "बाळ, तू दोन मारणारे घेतलेस. माझीही तीच चूक झाली होती." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले. आजोबांना पोकेमॉनमधले काय कळणार, असा तो संशय. तो योग्यच होता.

पण मग त्याने जे शोधून काढले ते पाहून मी थक्क झालो. त्याने टोरकोल नावाचे कासव घेतले. कोळशाने पेटलेले, आणि चालीला इतके मंद की त्याचा वेग अवघा २०. त्याच्या जोडीला व्हीनसॉर, पाठीवर मोठे फूल वागवणारा. टोरकोल मैदानात उतरला की पाच खेळ्या ऊन पडते. उन्हात अग्नीचा जोर दीडपट होतो, पाण्याचा निम्मा. टोरकोलला तीन भये आहेत: पाणी, खडक आणि भूमी. यांतले पाणी उन्हाने निम्मे झाले. आणि व्हीनसॉरचा वनस्पतीचा घाव या तिघांनाही वर्मी लागतो. उलट व्हीनसॉरला बर्फाचे भय, तर बर्फाला टोरकोल जाळून टाकतो. आणि उन्हात व्हीनसॉरचा वेग दुप्पट होतो, कारण त्याच्या अंगी तसा गुण आहे.

आता खरी मौज ऐका. दोन्ही बाजूंनी हवामान पालटणारे प्राणी एकाच वेळी उतरले, समजा समोरून बर्फवाली कोल्हीण आली किंवा पाऊस आणणारा पेलिपर आला, तर कोणाचे हवामान टिकायचे? जो अधिक चपळ त्याचे हवामान आधी येते, जो मंद त्याचे मागाहून. आणि मागाहून आलेले टिकते. म्हणजे टोरकोलचा मंदपणा, ज्याला एकेरी झुंजीत कोणी विचारणार नाही, तोच येथे कामी येतो. कोल्हिणीचा बर्फ आला तसा गेला, ऊन राहिले, हिमवादळ चुकू लागले. शेजारच्या मुलाशी पुन्हा सामना झाला तेव्हा हे सारे याच क्रमाने घडले. मी स्वतः खुर्ची ओढून पाहत होतो.

मला याहूनही आवडलेली हकीकत २०१४ ची आहे. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे जागतिक स्पर्धा झाली आणि दक्षिण कोरियाचा से जून पार्क विजेता ठरला. त्याच्या संघात पाचिरिसू नावाची खार होती. गुणांची बेरीज ४०५. बड्या स्पर्धेत कोणी आणू नये अशीच ती. पण तिच्या अंगी दोन गोष्टी होत्या. समोरच्याने एकावर नेम धरून केलेला घाव ती स्वतःकडे ओढून घेऊ शके, आणि वीज अंगावर पडली तर ती जखमी होण्याऐवजी ताजीतवानी होई. संघात तिचा सोबती ग्याराडोस, पाणी आणि वायू या दोन तत्त्वांचा प्रचंड सर्प. विजेचा घाव त्याला चौपट लागतो. त्याच्यावर टाकलेली वीज खारीने आपल्याकडे ओढायची आणि पिऊन टाकायची. सर्पाने मोकळेपणी लढायचे. ही खार एकटी पाहिली तर तिचा उपयोग शून्य, हे लक्षात घ्या. तिची किंमत तिच्यात नव्हतीच, शेजारी कोण उभा आहे त्यात होती.

येथे आमच्या नातवाचा आणि माझा मतभेद होतो. तो म्हणतो, "आजोबा, तुम्ही उगाच गहिवरता. हे सगळं गणित आहे." गणित आहेच. पण मग मी त्याला विचारतो की, हे गणित इतकी वर्षे सर्वांसमोर उघडे पडले होते, तर एवढ्या मोठ्या स्पर्धेत खार घेऊन यायला एकालाच का सुचले? यावर तो गप्प बसतो किंवा दूध प्यायला उठून जातो.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. आज कोणत्या प्राण्याला किती जण वापरतात याच्या याद्या सहज मिळतात, आणि मुले त्या यादीवरून वरचे सहा उचलतात. २०१६ साली आलेला इन्सिनरोअर नावाचा वाघ घ्या. मैदानात येताच समोरच्या दोघांचाही शारीरिक घावाचा जोर तो एका पायरीने उतरवतो. पहिल्या खेळीत एकाला दचकवून त्याची पाळी बुडवतो. आणि काम झाले की शत्रूला आणखी दुबळा करून आपल्या जागी दुसऱ्याला आणून सोडतो. तो उत्तम संगतकार आहे, यात वाद नाही. कोणत्याही गवयामागे बसवा, ठेका सांभाळील. पण सरसकट प्रत्येकाने तोच बसवला की आपल्या गवयाला नेमकी कशाची संगत हवी, हा विचारच कोणी करीत नाही. पार्कची खारदेखील पुढे पुष्कळांनी उचलली. सर्पाऐवजी भलत्याच कोणाशेजारी तिला उभी करून वर हरल्यावर तिलाच नावे ठेवली असतील, तर मला नवल वाटणार नाही. आपल्याकडे पत्रिकेतले छत्तीस गुण मोजून लग्ने ठरवतात, त्यातलाच हा प्रकार. बेरीज भरली की पाहणे संपले! माझे स्वतःचे गुण साडेअठरा जुळले होते, हे येथे सांगितले तर घरात दुसरा वाद सुरू होईल, म्हणून तेवढे सोडतो.

कोणी म्हणेल, हे धडे कॅरममध्येही मिळतात, ब्रिजमध्येही मिळतात. त्यासाठी जपानी यंत्र कशाला? रास्त प्रश्न आहे. पण आमच्या पोळातला कॅरमचा सामना बंद पडून पुष्कळ वर्षे झाली, आणि तो बंद पडला तेव्हा आज नावे ठेवणाऱ्या आम्हांपैकी कोणीही तो चालू ठेवला नाही. मुलांनी त्यांना सापडला तो पट घेतला. शिवाय कॅरममध्ये चूक कोणाची, हे मला समजायला जोडीदार गमवावा लागला. नातवाने गारचॉम्प बदलला तर गारचॉम्पला वाईट वाटत नाही. चुकण्याची ही मुभा मी त्याच्यापासून का काढून घेऊ?

मागच्या आठवड्यात मी त्याला ती १९७४ ची हकीकत सबंध सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली, वही मिटली आणि विचारले, "ते आजोबा अजून बडोद्यातच आहेत ना?"

आहेत. कारेलीबागेत राहतात. लग्नकार्यांत भेटतो, प्रकृतीची चौकशी करतो, आणि कॅरमचे नाव दोघेही काढीत नाही.

रविवारी मी फोन केला. नाव काढले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बोर्ड आहे का रे अजून?"

बोर्ड माळ्यावर होता. एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे. ती शिवायला काढली आहे.