जुलाब होतच आहेत, मग पोट साफ करायचं औषध कशाला?

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असणाऱ्या रुग्णाला कोलोनोस्कोपी सांगितली की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण वारंवार शौचाला होणं आणि आतडं स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत मळ किंवा चोथा राहिला तर त्याखालचे व्रण दिसत नाहीत. क्रोन्स आणि आतड्याचा क्षयरोग दुर्बिणीतून बरेचदा सारखेच दिसतात. योग्य जागेचा तुकडा मिळाला नाही तर उपचाराची दिशा चुकू शकते. आठ-दहा वर्षं जुन्या कोलायटिसमध्ये कर्करोगाची सुरुवातही नजरेतून सुटू शकते.

म्हणून एरंडेल किंवा मेडिकलवाल्याने दिलेलं चूर्ण घेऊ नका. या आजारात साधारणपणे पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पेग) हे औषध योग्य ठरतं. फॉस्फेटच्या औषधांनी आतड्यात बारीक व्रण उठू शकतात आणि ते आजाराचेच वाटतात. शिवाय किडनीलाही धोका असतो.

दोन-तीन दिवस आधीपासून कळण्याची भाकरी, भरीत, मेथी, पेरू बंद. मऊ भात आणि पातळ वरण चालेल. आदल्या दिवशी नारळपाणी, साखर-मीठ-पाणी भरपूर प्या. लाल सरबत नको.

आता माझं स्पष्ट मत. औषध दोन भागांत घ्यायला हवं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी. पहूरहून सकाळच्या एसटीने जळगावला जायचं म्हणून अनेक जण सगळं औषध रात्रीच संपवतात. सकाळपर्यंत आतड्याचा उजवा भाग पुन्हा स्रावाने माखतो. त्यापेक्षा दुपारची वेळ मागा किंवा आदल्या रात्री जळगावात नातेवाइकांकडे मुक्काम करा. आणि आम्ही डॉक्टरांनीही वेळ देण्याआधी "कुठून येणार?" एवढं विचारायलाच हवं.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. कोलायटिसच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा. शेवटचा घोट किती वाजेपर्यंत चालेल, तेही विचारून घ्या.

ताप, फुगलेलं पोट, सतत उलट्या किंवा खूप रक्त जात असेल तर औषधाला हात न लावता आधी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी पूर्ण कोलोनोस्कोपी धोक्याची ठरू शकते. अनेकदा खालच्या भागाची छोटी तपासणी पुरते.