दिव्यांची हजेरी

मुलांनो, तुमच्या बाई वर्गात आल्या आणि नुसतं "उभे राहा" म्हणाल्या, तर कोण उभं राहील? सगळाच वर्ग! "सतरा नंबर, उभा राहा" म्हणाल्या, तर एकटा सतरा नंबर. आणि "लेझीम पथकातले उभे राहा" म्हणाल्या, तर तेवढीच मुलं. हजेरीपटावर प्रत्येकाला नंबर असतो, म्हणून हे सगळं जमतं.

आता वर पाहा बरं. तुमच्या वर्गातल्या ट्यूबलाइटला नंबर आहे का? नाही ना? म्हणून तर कोपऱ्यातल्या बाकावर अंधार आहे म्हणून बटण दाबलं, की खिडकीजवळचा दिवाही लागतो. तिथं लख्ख ऊन असतं, तरी तो बिचारा दिवसभर जळत राहतो. एका वर्गात हे नुकसान एवढंसंच. पण पन्नास मजल्यांच्या कचेरीत असे हजारो दिवे असतात! प्रत्येक दिव्याला वेगळी वायर ओढून वेगळं बटण द्यायचं म्हटलं, तर भिंत बटणांनीच भरून जाईल.

मग काय करायचं? दिव्यांनाच हजेरीपटावर घ्यायचं!

युरोपातल्या दिव्यांचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेमकं हेच केलं. त्यांनी सगळ्यांनी मिळून दिव्यांसाठी एक भाषा ठरवली. तिचं लांबलचक नाव 'डिजिटल ॲड्रेसेबल लायटिंग इंटरफेस'. आद्याक्षरं जोडून झालं 'डाली'. ॲड्रेसेबल म्हणजे ज्याला स्वतःचा पत्ता आहे असा.

ट्यूबलाइटला चोक असतो, तसा एलईडी दिव्याला एक छोटा डबा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. (हा गाडी चालवत नाही, दिवा चालवतो!) दिव्याचा नंबर या डब्यात साठवलेला असतो. विजेच्या नेहमीच्या तारा असतातच, शिवाय दोन बारीक तारा सगळ्या दिव्यांमधून फिरवलेल्या असतात. अशा एका जोडीवर जास्तीत जास्त ६४ दिवे बसतात. त्यांचे नंबर ० ते ६३. म्हणजे एक भलामोठा वर्गच की! या वर्गात १६ गट पाडता येतात आणि एक दिवा एकापेक्षा जास्त गटांत असू शकतो. तुमच्यातला एखादा नाही का, लेझीम पथकातही असतो आणि खो-खोच्या संघातही!

हुकूम द्यायचा कसा? त्या दोन तारांवर साधारण १६ व्होल्टचा दाब असतो. तो ठरावीक तालात खाली-वर केला जातो. दाब खालून वर गेला, तर १. वरून खाली आला, तर ०. अशा सोळा खुणांचा एक हुकूम. पहिल्या आठ खुणा सांगतात 'कुणासाठी' आणि पुढच्या आठ सांगतात 'काय करायचं'. हुकूम तारेवरून सगळ्यांनाच ऐकू जातो, पण ज्याचा नंबर तोच तो पाळतो. एका सेकंदात १२०० खुणा जातात. म्हणजे एक हुकूम सांगायला सेकंदाचा साठावा भागसुद्धा पुरतो!

नुसतं 'लाग' आणि 'वीझ' एवढंच नाही बरं का. प्रकाश किती द्यायचा, यासाठी १ ते २५४ पायऱ्या आहेत. आता सांगा, पूर्ण प्रकाशाच्या दहाव्या भागाएवढा प्रकाश हवा, तर कितवी पायरी? तुम्ही म्हणाल, पंचविसावी. अंहं! १७० वी! आणि निम्म्या प्रकाशासाठी २२९ वी. असं का? कारण आपले डोळे. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली, तर केवढा फरक पडतो! पण शंभर मेणबत्त्या जळत असताना आणखी एक लावली, तर कळतही नाही. म्हणून खालच्या पायऱ्या अगदी लहान ठेवल्यात आणि वरच्या मोठ्या. डोळ्यांना मात्र सगळ्या सारख्याच वाटतात.

आता खिडकीजवळचा तो बिचारा दिवा आठवा. ऊन वाढलं, की छतावरचं उजेड मोजणारं यंत्र ते ओळखतं आणि फक्त त्याच दिव्याला सांगितलं जातं, 'तू जरा मंद हो.' न्यू यॉर्क टाइम्स या वृत्तपत्राची ५२ मजली इमारत २००७ मध्ये उघडली. तिथं असेच पत्ते असलेले, मंद होणारे दिवे लावले. (तिथली भाषा हुबेहूब डाली नव्हे, तिची चुलतबहीण म्हणा.) इमारत उभी करण्याआधी एका मजल्याचा तुकडा खऱ्या मापाचा बांधून, कुठं किती ऊन येतं हे महिनोन् महिने मोजलं होतं.

पण मला विचाराल, तर डालीची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. इथं दिवा उलट उत्तर देतो! 'दिवा नंबर ४१, तू बिघडलायस का?' असं विचारता येतं आणि तो 'हो' म्हणून सांगतो.

हे महत्त्वाचं का? मोठ्या इमारतीत जिन्यावर आणि दारांवर बॅटरीचे दिवे असतात. आग लागली, वीज गेली, तर ते बाहेरची वाट दाखवतात. अशा दिव्याची बॅटरी मरून पडली असेल, तर एरवी कुणाला कळणार? कळेल ते नेमकं आगीच्या वेळी, धुरात, माणसं जिना शोधत असताना! म्हणून एरवी कुणीतरी एकेका दिव्यापाशी जाऊन तपासायचं आणि वहीत लिहायचं. कंटाळा केला, की संपलंच. डालीवरच्या अशा दिव्याला हुकूम देऊन परीक्षा घेता येते. लागतोस का? बॅटरी पूर्ण वेळ टिकते का? निकाल तो स्वतःच कळवतो. नापास दिवा वेळेवर बदलता येतो.

राहिला एक प्रश्न. अगदी पहिल्या दिवशी नंबर द्यायचे कसे? कोऱ्या डब्यांना हाक तरी काय मारणार? तर प्रत्येक दिवा आपल्या मनाने एक आकडा धरतो. तोही १,६७,७७,२१६ आकड्यांमधला! मग मुख्य यंत्र विचारतं, 'अमुक किंवा त्याहून लहान आकडा कुणाचा?' ज्यांचा असेल ते सगळे एकदम 'हो' म्हणतात. गोंगाट झाला तरी चालतो. दर वेळी निम्मे आकडे बाद करत गेलं, की २४ प्रश्नांत सगळ्यात लहान आकडा सापडतो. त्या दिव्याला मिळतो नंबर ०. तो गप्प बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू!

पण थांबा, काम संपलं नाही. नंबर मिळाले, तरी १२ नंबर जिन्यावर आहे की भोजनगृहात, हे यंत्राला कसं कळणार? मग एक माणूस इमारतीचा नकाशा घेऊन हिंडतो. एकेक दिवा लुकलुकवायचा, तो कुठं आहे ते पाहायचं आणि नकाशावर नंबर लिहायचा. ही नोंद चुकली, तर '४१ बिघडला' असं कळूनही आपण भलत्याच दिव्याखाली शिडी लावू!

करून पाहा : पाच मित्रांना चिठ्ठीवर १ ते ६४ मधला एकेक आकडा लिहायला सांगा. तुम्ही मुख्य यंत्र. "३२ किंवा त्याहून लहान?" 'हो' आलं, तर "१६ किंवा लहान?" सगळे गप्प राहिले, तर "४८ किंवा लहान?" असं करत सगळ्यात लहान आकडा शोधा. किती प्रश्न लागले ते मोजा.

डोकं चालवा : दोन दिव्यांनी योगायोगाने एकच आकडा मनात धरला, तर काय होईल? आणि ते ओळखायचं कसं? उत्तर पुढच्या अंकात!