वय झालं म्हणून वरचं बीपी सोडून देऊ नका

"डॉक्टर, आईचं खालचं बीपी ८० म्हणजे नॉर्मल आहे ना? मग वरचं १७० असलं तर काय झालं? सत्तरी ओलांडली तिनं. वयामुळे थोडं वाढणारच."

तळेगावात दवाखान्यात बसल्यावर हे बोलणं मला वारंवार ऐकू येतं. यात नातेवाइकांना दोष देता येत नाही. ‘शंभर अधिक वय’ एवढं वरचं बीपी चालतं, हा हिशोब पूर्वी डॉक्टरच सांगत असत. तो हिशोब चुकीचा आहे. का, ते समजून घेऊ.

वरचं वाढतं, खालचं का वाढत नाही?

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला मोठी रक्तवाहिनी फुगते आणि तो धक्का पोटात घेते. मग ती हळूच आकसते, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहत राहतं. ही लवचिकता इलास्टिन नावाच्या धाग्यांमुळे असते. हे धागे मुख्यतः लहानपणीच तयार होतात. मोठेपणी ते झिजले की त्यांची जागा कोलॅजनचे ताठर धागे घेतात. वर्षानुवर्षं उन्हात पडलेली रबरी नळी कडक होते ना, काहीसं तसंच.

कडक नळी फुगत नाही, म्हणून वरचं बीपी चढतं. ती नीट आकसतही नाही, म्हणून खालचं उतरतं. वरच्या आणि खालच्या आकड्यात साधारण ४० चा फरक असतो. आजींच्या बाबतीत तो ९० आहे. म्हणजे खालचं ८० हा दिलासा नाही. वरचं १७० असताना ती रक्तवाहिनी ताठर झाल्याची खूण आहे.

तेच बी, जमीन वेगळी

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर रक्त आणि भिंत यांच्यामध्ये पहारा देतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करून रक्तवाहिनी सैल ठेवतो. या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं.

या पेशींना आपल्या खालचा थर मऊ आहे की कडक, हे कळतं. त्या खालच्या थराला घट्ट धरून सतत ओढत असतात. प्रयोगशाळेत त्याच पेशी मऊ आणि कडक जेलवर वाढवल्या, तर त्यांची वागणूक बदलते. कडक थरावर त्या जास्त जोर लावतात आणि शेजारच्या पेशींशी असलेले सांधे उसवतात. त्या फटींतून कोलेस्टेरॉल आणि पांढऱ्या पेशी भिंतीत शिरू शकतात. भिंतीतल्या स्नायूपेशीही कडक थरावर जास्त वाढतात आणि आणखी कोलॅजन तयार करतात. भिंत अजून कडक होते.

शेतकऱ्याला हे नवीन वाटू नये. तेच बी वखरलेल्या जमिनीत एक वागतं आणि तुडवलेल्या पायवाटेवर दुसरं.

म्हणून माझं म्हणणं असं की ताठरपणा हा नुसता वयाचा परिणाम समजू नका. तो पुढच्या आजाराचं कारणही आहे. वाढलेलं बीपी भिंत कडक करतं आणि कडक भिंत बीपी वाढवते. हे चक्र सोडून दिलं तर आपोआप थांबत नाही.

वयामुळे सगळ्यांचं वाढतं का?

नाही. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांचं बीपी वयाबरोबर वाढताना दिसलं नाही.

आणि उपचारांचा फायदा होतो का? १९९१ च्या ‘शेप’ या अमेरिकन अभ्यासात साठीपुढचे, फक्त वरचं बीपी वाढलेले लोक होते. साध्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचारांनी त्यांच्यातलं लकव्याचं प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालं. लकवा झालेला माणूस आणि त्याला उचलणारं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्याची किंमत सांगावी लागत नाही.

मग काय करायचं?

- तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा.
- दिवसभरातलं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी ठेवा. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलं मीठही त्यातच मोजा.
- खर्रा, तंबाखू, बिडी सोडा.
- साखर आटोक्यात ठेवा. जास्तीची साखर कोलॅजनचे धागे एकमेकांना चिकटवते आणि भिंत आणखी ताठर करते.
- रोज अर्धा तास चाला.
- "बीपी नॉर्मल आलं" म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आहे.
- वयस्कर माणसांना औषध कमी मात्रेपासून सुरू करतात. उभं राहिल्यावर चक्कर आली तर डॉक्टरांना सांगा, मनानं गोळी सोडू नका.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. बीपीची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. "औषध परवडत नाही" म्हणून थांबू नका.

झिजलेले धागे परत आणणारी गोळी आज माझ्याकडे नाही. पण भिंतीवरचा रोजचा ताण कमी करणारी आहे. तेव्हा घरातल्या आजी-आजोबांचं वरचं बीपी वाढलेलं दिसलं, तर "वय झालं" म्हणू नका. त्यांना तपासायला घेऊन या.