तेल सांडते मालकाचे, जाब खलाशाला

विसरवाडीपासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. परंतु सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि त्यावरून इंधनाचे व रसायनांचे टँकर धावत असतात. पुढे कोंडाईबारीचा घाट आहे. तेथे टँकर उलटला तर त्यातील द्रव ओढ्यानाल्यांत उतरणार, आणि नवापूर तालुक्याचे पाणी अखेर तापीवरील उकाईच्या जलाशयाला मिळते. त्यामुळे बोटीवरील खलाशांना तेलप्रदूषणाशी झुंजण्याचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न या आदिवासी टापूला वाटतो तितका परका नाही.

समुद्रावर निदान कायदा तरी आहे. १५० टनांहून मोठ्या तेलवाहू बोटीवर आणि ४०० टनांहून मोठ्या इतर कोणत्याही बोटीवर तेलगळतीच्या आणीबाणीची लेखी योजना असावी लागते. कोणती झडप प्रथम बंद करावयाची, डेकवरील पाणी जाण्याची भोके कोणी बुजवावयाची, फुटलेल्या टाकीतील तेल कोणत्या टाकीत ओढावयाचे, किनाऱ्यावर कोणाला कळवावयाचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. मात्र खलाशाच्या हातांना ते माहीत व्हावे यासाठी सराव लागतो, सरावाला वेळ लागतो आणि वेळेला माणसे लागतात. कमीत कमी माणसांवर बोट हाकणाऱ्या मालकाला तिन्ही महाग वाटतात. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण बंदरामागून बंदर घेणाऱ्या बोटीवर तो पुष्कळदा नोंदवहीतच पाळला जातो, आणि सरावही तसाच!

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या बोटींची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले, त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. उरण-अलिबागच्या बाजूच्या खारफुटीला काळा लेप बसला, आणि मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. बोट कलंडल्यावर खलाशांना उतरवावेच लागले. त्यांच्या शिक्षणाचा उपयोग त्या पहिल्या घटकांपुरताच होता. पुढचे काम तटरक्षक दलाचे व सरकारचे. ज्या कोळ्यांना आपली खाडी तळहातासारखी ठाऊक असते, त्यांना अशा वेळी काय करावे हे आधी कोणी शिकविले होते काय?

आणि खलाशी शिकलेला असला तरी तो सुटतो असे नाही. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगरून उभ्या असलेल्या ‘हेबेई स्पिरिट’वर दोर तुटलेला क्रेनचा तराफा येऊन आदळला आणि दहा हजार टनांहून अधिक तेल सांडले. बोटीचा कप्तान व मुख्य अधिकारी भारतीय होते. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, पण टक्कर टाळली नाही आणि गळती पुरेशी रोखली नाही म्हणून वरच्या न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये त्यांना तुरुंगात धाडले. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवास रद्द केला, प्रदूषणाचा ठपका मात्र ठेवला. जूनमध्ये ते मायदेशी परतले. शिक्षणाचे प्रमाणपत्र असे दुधारी असते: ते मालकाला मोकळे करते आणि कामगाराला अडकविते. म्हणून शिक्षणाची मागणी करताना पुरेशी माणसे, खरी विश्रांती आणि भरपगारी सराव यांची मागणी तिच्यापासून तोडता येत नाही.

जमिनीवर परिस्थिती याहून हलाखीची आहे. १९८९च्या मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. टँकरवर काय भरले आहे आणि संकटात कोणाला बोलवावे, याची पाटी असावी लागते. परंतु उलटलेल्या टँकरशी प्रथम पोहोचतो तो शेजारच्या शेतातला भिल्ल किंवा मावची शेतकरी. अनेकदा त्याच्या हाती सांडलेले डिझेल भरण्यासाठी डबा असतो, आणि त्याला लोभी म्हणणे शहरातून फार सोपे आहे. ती पाटी त्याला वाचून दाखविण्याची, वाळूचा बांध घालून ओढा कसा अडवावा हे दाखविण्याची जबाबदारी तेल वाहून नफा मिळविणाऱ्या कंपन्यांवर का नसावी? विसरवाडीच्या ग्रामपंचायतीने हा खर्च त्यांच्याकडे मागावा, आणि पहिला सराव पावसाळ्यापूर्वी व्हावा.