भाकरी थांबली नाही, म्हणून नुकसान नाही?

“घरात स्वयंपाक कोण करतं?” विमा कंपनीच्या वकिलांनी मला विचारलं.

“मीच.”

“म्हणजे अपघातानंतरही तुम्ही स्वयंपाक करता. बरोबर?”

मी सांगायला लागले की कणीक मुलगी मळून देते, भाकरी थापताना उजवा तळवा टेकत नाही, भरलेला कुकर उचलायचा तर कुणाला तरी हाक मारावी लागते... “ताई, हो किंवा नाही, एवढंच सांगा.” मी हो म्हणाले. टायपिस्टने टाइप केलं, ‘अपघातानंतरही मी घरातील स्वयंपाक करते हे खरे आहे.’ त्याखाली माझी सही घेतली. ती सही मी डाव्या हाताने केली, पण हे काही कुठे टाइप झालं नाही.

मैत्रिणींनो, गेली पंधरा वर्षं मी संघटनेच्या कामात आहे. किती शिबिरांत मी फळ्यावर घड्याळ काढून बाईचा दिवस मांडला असेल, त्याची गणती नाही. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचं काम एकेक करून बायांकडून वदवून घ्यायचं आणि मग विचारायचं, ‘आता सांगा, कोण म्हणतं बाई घरी बसून असते?’ आणि माझ्याच दाव्याच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘घरकाम’ आणि ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात एक आडवी रेघ होती. वकीलसाहेबांनी भरलं, मी सही केली. प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं, हात सुजलेला होता, हे खरं. पण नुसतं तेच कारण नव्हतं. मलाही तेव्हा ती रेघ खटकली नाही.

अपघात 2019 च्या फेब्रुवारीतला. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. एक कार रस्ता सोडून खाली उतरली आणि मला घेऊन गेली. उजवं मनगट चुरलं, कोपराजवळ हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, पट्टी बसवली. मनगट आता पुरतं वळत नाही, मूठ घट्ट होत नाही. गाडीवाला लांबच्या ओळखीतला निघाला. त्यामुळे पहिले आठ दिवस ‘केस कशाला करता, तो खर्च देतोय ना’ हेच ऐकत होते. फिर्याद नोंदवली ती संघटनेच्या दोघी जणी पोलीस ठाण्यात ठाण मांडून बसल्या म्हणून. ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी घरी ब्लाऊज शिवते, उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते, दोन शेळ्या आहेत आणि सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अपघातानंतर यातलं काय बंद पडलं? शिवण बंद पडलं. कात्री धरता येईना. शेळ्या विकल्या. बाकी काहीच बंद पडलं नाही. स्वयंपाक मुलीच्या अंगावर पडला. ती दहावीत होती, परीक्षा तोंडावर होती. सासूबाईंचं सगळं करायला नणंद तिचं घर सोडून दीड महिना येऊन राहिली. माझी वेणीफणी, आंघोळ, औषधं हे माझ्या आईने केलं. तिची स्वतःची सत्तरी उलटलेली.

मला जे सांगायचं आहे ते हेच. कारखान्यातला कामगार पडला तर मशीन थांबतं, पगार थांबतो, नुकसान कागदावर दिसतं. घरातली बाई पडली तर तिचं काम थांबत नाही. ते दुसऱ्या बाईच्या अंगावर जातं, तेही फुकट. बिल नाही, पावती नाही. म्हणून मग कोर्टात विचारतात, नुकसान झालं कुठे? नुकसान तर झालंच. ते तीन बायांनी आपसांत वाटून घेतलं आणि पुसून टाकलं. आपण पोराबाळांसाठी, माणसांसाठी मायेने निभावून नेतो, आणि तेच विमा कंपनीचं सर्वांत मोठं भांडवल ठरतं.

कायद्याची गोष्ट थोडी सांगते, कारण ती माहीत नसल्यामुळे माझी तीन वर्षं गेली. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याला 1994 साली एक तक्ता जोडला, दुसरी अनुसूची. त्यात कमाई नसलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न 15,000 रुपये धरलं होतं आणि न कमावत्या बायकोचं उत्पन्न कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. जरा विचार करा. साहेबाच्या बायकोने लाटलेली पोळी महाग आणि शिपायाच्या बायकोने लाटलेली स्वस्त! काम तेच, हात तसेच, आणि दर ठरणार नवऱ्याच्या पगारावरून. हा तक्ता 2019 च्या दुरुस्तीने काढून टाकला आणि 2022 च्या एप्रिलपासून तो गेला. पण त्यामागची नजर अजून कोर्टाच्या आवारात वावरते.

2001 साली जमशेदपूरच्या आगीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणींच्या कामाचं मूल्य महिना 3,000 रुपये धरलं. आग लागली होती 1989 साली. त्या वेळी हे मोठं पाऊल होतं. पण पुढे वर्षानुवर्षं तोच आकडा गृहिणीच्या कपाळी चिकटला. माझ्या प्रकरणातही कंपनीने तोच पुढे केला. 2010 साली न्यायमूर्ती सिंघवी आणि गांगुली यांच्यापुढे एका गृहिणीच्या मृत्यूचा दावा आला. त्यात न्यायमूर्ती गांगुलींनी दाखवून दिलं की 2001 च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवलं होतं. (त्या रांगेतल्या इतर बायकांबद्दलही आपल्याला बोलायचं आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.) 2020 साली आपल्या नागपूर खंडपीठापुढे जे प्रकरण आलं, त्यात तर खालच्या न्यायाधिकरणाने 2007 साली, बाई गृहिणी होती म्हणून दावाच फेटाळला होता. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पण मधे तेरा वर्षं गेली. 2021 च्या जानेवारीत न्यायमूर्ती रमणांनी सरकारच्याच 2019 च्या वेळेच्या पाहणीतले आकडे निकालपत्रात घातले: बिनमोल घरकामात बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही.

म्हणजे दारं उघडली आहेत. पण ती आपल्या वकिलांनी ढकलली तर ना. माझे पहिले वकीलसाहेब सज्जन गृहस्थ. ते म्हणायचे, “ताई, हे सगळे मृत्यूचे निकाल आहेत. तुम्ही तर चालत्या-बोलत्या आहात.” चालती-बोलती असणं हाच गुन्हा झाल्यासारखं. आणि जखमी बाईची खरी अडचण इथेच आहे. मेलेल्या बाईच्या कामाची किंमत आता थोडीफार होते. जगलेल्या बाईचं किती काम मेलं हे मोजायला कुणी बसत नाही.

मोजमाप होतं ते टक्क्यांनी. सिव्हिलमधून दाखला मिळाला, उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व 40 टक्के. कंपनी म्हणाली, हे एका हातापुरतं, सबंध शरीराचा हिशेब केला तर 13. मग गणित असं: महिना 3,000 म्हणजे वर्षाचे 36,000. अपघाताच्या वेळी वय 43, म्हणून गुणक 14. त्याचे 13 टक्के म्हणजे 65,520 रुपये. माझ्या हाताचे, उरलेल्या सबंध आयुष्याचे.

2010 च्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने जखमींच्या दाव्यांबद्दल एक निकाल दिला आहे, तो प्रत्येक संघटनेच्या कपाटात असायला हवा. त्याचं सार असं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं अपंगत्व वेगळं. डॉक्टर फक्त पहिलं सांगतो. दुसरं न्यायाधिकरणाने ठरवायचं, आणि ते ठरवताना पाहायचं की हा माणूस आधी काय काम करत होता, त्यातलं काय आता जमतं आणि काय नाही. सुताराचा हात गेला तर त्याचं सगळंच गेलं, कारकुनाचं तितकं जात नाही. मग भाकरी थापणाऱ्या बाईचं मनगट? ते कुणाच्या रांगेत बसवायचं, सुताराच्या की कारकुनाच्या?

हा प्रश्न आमच्या दुसऱ्या वकीलबाईंनी उभा केला. माझा जबाब फुकट गेल्यावर संघटनेने त्यांना गाठलं. आधी त्यांनी नवं शपथपत्र दाखल करायची परवानगी मिळवली. मग एका रविवारी आम्ही सहा-सात जणी माझ्या पडवीत बसलो आणि एकेक काम लिहून काढलं. पाण्याचा हंडा उचलणं, कपडे पिळणं, कणीक मळणं, सासूबाईंची कूस बदलणं, कात्री चालवणं. प्रत्येकापुढे आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, आणि आता ते कोण करतं. शिवणाच्या पावत्या नव्हत्या, पण मापांची वही होती. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, छाती, बाही, शिलाई. नऊ वर्षांच्या वह्या ट्रंकेत निघाल्या. शेवटची नोंद अपघाताच्या आदल्या दिवसाची. त्या वह्या पुरावा म्हणून लागल्या. नणंदेने आणि मुलीने शपथपत्रं दिली. आणि डॉक्टर साक्षीला आले तेव्हा वकीलबाईंनी विचारलं, “भाकरी थापायला मनगट कितपत वळावं लागतं?” डॉक्टर आधी हसले. मग स्वतःचा हात पुढे करून बघितला आणि म्हणाले, “एवढं तर यांचं वळणार नाही.” हे मात्र टाइप झालं.

मधे लोकअदालत आली. कंपनीने एकरकमी सव्वा लाख देऊ केले. घरात सगळे घ्या म्हणत होते, कर्ज होतंच. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे तिथे मला कुणी सांगितलं नाही. वकीलबाईंनी सांगितलं. गरजेपोटी तिथे सही करणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. पण सही करण्याआधी तिच्या शेजारी आपल्यापैकी कुणीतरी बसलेलं असावं.

2024 साली निकाल लागला. न्यायाधिकरणाने घरकाम आणि शिवण मिळून महिना 8,000 धरले आणि कमाईचं अपंगत्व 30 टक्के मानलं. त्याचे 4,03,200 रुपये झाले. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांबद्दलची रक्कम वेगळी. 65,520 कुठे आणि हे कुठे. तरी मी समाधानी नाही. भविष्यातली वाढ धरली नाही. माझ्या वयाला ती 25 टक्के धरायला हवी होती आणि गृहिणीच्या मानीव उत्पन्नालाही ती लागू आहे, असं 2021 च्या निकालातच आहे. ती धरली असती तर 5,04,000 झाले असते. त्यासाठी अपील केलं आहे. आणि 8,000 तरी कुठल्या हिशेबाने? आपलं काम कायम ‘अकुशल’ या खणात का टाकायचं? 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने एका बारा वर्षांच्या, पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीच्या दाव्यात कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं आणि तिच्याजवळ राहणाऱ्या माणसांचा खर्च पुढच्या सगळ्या वर्षांसाठी मोजून दिला. मग तीस वर्षं घर चालवलेली बाई अकुशल कशी?

आमच्याच बैठकीत एका मैत्रिणीने आक्षेप घेतला. घरकामाला किंमत लावली की बाई त्यातच अडकते, आपण तर ते वाटून घ्या म्हणतो, ते विकाऊ करा असं नाही. आक्षेप मोलाचा आहे आणि वाद जुना आहे. पण किंमत आपण लावत नाही आहोत. ती आधीच लावलेली आहे. ती होती आडवी रेघ. तिथे दुसरा आकडा लिहा एवढंच आपलं म्हणणं आहे. मला जास्त टोचतं ते दुसरंच. जखमी मुलगी लग्नाची असेल तर ‘विवाहाची संधी गमावली’ म्हणून वेगळी रक्कम मागतात. मिळू शकणारे पैसे सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. पण मुलीच्या हाताने काय शिकलं असतं, काय कमावलं असतं, ते अर्जात आधी यावं. चेहऱ्यावरचा व्रण नंतर.

पैसे येण्याआधीच त्यांची वाटणी झाली होती. दिराला बोअर मारायची होती, नवऱ्याला कर्ज फेडायचं होतं. निम्मी रक्कम माझ्या एकटीच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचा आदेश झाला, म्हणून ती वाचली. अशी मागणी करता येते, 1994 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या त्याबद्दल सूचना आहेत. आपल्या अर्जात ती न विसरता घाला. आणि अर्ज वेळेत करा. 2022 च्या एप्रिलपासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला आव्हान दिलेलं आहे, पण आपण सहा महिने धरूनच चालावं. अपघात कुठेही झालेला असो, बाई राहते तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो.

जवळच्यांनी केलेल्या सेवेबद्दल न्यायाधिकरणाने 20,000 दिले. घरच्यांनी फुकट केलं तरी त्याची भरपाई मागता येते, दिल्ली उच्च न्यायालयाचा तसा खूप जुना निकाल आहे. ते 20,000 मी तिघींत वाटले. आई आता नाही, तिचा वाटा नातीलाच गेला. नणंदेने आधी घेईना म्हणून हात मागे घेतला. मग घेतले, मोजले आणि विचारलं, “दीड महिन्याचे एवढे धरले होय?” मी म्हटलं, अपिलात तेही आहे.